फुटलेलं पॅनल आधी उलटं करून बघा

पावसाळा तोंडावर आला की लोक गाडीकडे जरा नीट बघायला लागतात, त्यामुळे या वेळची बहुतेक पत्रं बाइकच्या फुटलेल्या प्लॅस्टिकचीच आहेत. गाड्या सगळ्या दहा-पंधरा वर्षांच्या पुढच्या, आणि जवळपास प्रत्येकाला गॅरेजमधे एकच ऐकायला मिळालंय, फायबर गेलं, नवीन टाका. तर आधी या शब्दाचंच बोलतो कारण अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे गाडीच्या सगळ्याच प्लॅस्टिकला फायबर म्हणतात, पण खरं फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमधे भिजवून बनवलेलं, आणि कंपनीतून आलेल्या बाइकच्या पॅनलमधे ते सहसा नसतंच. तिथे असतं एबीएस नाहीतर पीपी (पॉलिप्रॉपिलीन), ही दोन वेगळ्या जातीची प्लॅस्टिकं. पहिलं असिटोन नावाच्या झटकन उडणाऱ्या केमिकलमधे विरघळतं, दुसरं असिटोनमधे आठवडाभर बुडवून ठेवलंत तरी तसंच राहतं. म्हणजे जो उपाय एकाला लागू पडतो तो दुसऱ्याला पडणारच नाही. म्हणून पॅनल काढा, उलटं करा आणि आतल्या बाजूला दोन बाणांच्या टोकांमधे बारीक उठावदार अक्षरं असतात ती वाचा. बाकी सगळं त्यानंतर.

माझी 2007 ची हिरो होंडा करिझ्मा आहे, वडिलांनी घेतलेली. उजव्या फेअरिंगला, म्हणजे बाजूच्या प्लॅस्टिकच्या कवचाला, खालच्या बोल्टपाशी चार बोटं लांब तडा गेलाय. दोनदा चिकटवून झालं, दोन्ही वेळा महिन्याभरात त्याच जागी परत गेला. शोरूमला विचारलं तर पार्ट येत नाही म्हणाले. गाडी विकायची नाहीये. काय करू? — एक वाचक, भांडुप

दोनदा चिकटवून दोन्ही वेळा त्याच जागी गेलं ना, मग चूक चिकटवण्यात कमी आणि त्या बोल्टमधे जास्त आहे असं समजा. त्या बोल्टच्या भोकात मुळात एक रबरी बुश असतो आणि त्याच्या आत एक लोखंडी कॉलर, म्हणजे छोटीशी नळीच. बोल्ट आवळला जातो तो त्या कॉलरवर, प्लॅस्टिकवर नाही, प्लॅस्टिक रबरात नुसतं अडकून असतं आणि इंजिनची थरथर ते रबर खातं. इतक्या वर्षांत काय होतं की रबर कडक होऊन तुटतं, कुठल्यातरी सर्व्हिसिंगला कॉलर खाली पडते, कोणाचं लक्ष जात नाही, आणि मग नुसता वॉशर लावून बोल्ट कचकचून आवळला जातो. त्यापुढे प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट त्या भोकाच्या कडेला बसतो आणि तडा तिथूनच निघतो. हे बदललं नाही तर सोन्याने जोडलंत तरी टिकणार नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडे अगदी असंच एक पॅनल आलेलं. वरून बघितलं तर तडा एका ठिकाणी संपलाय असं वाटत होतं, पण दोन्ही हातांनी हलकंच वाकवलं की त्याच्याही पुढे गव्हाच्या दाण्याएवढी पांढरट रेघ उमटायची. खरा तडा तिथपर्यंत गेलेला होता. आणि उलटं केल्यावर बोल्टच्या भोकाभोवती वॉशरचा गोल ठसा, अर्धा मिलिमीटर आत रुतलेला. त्या ठशावरूनच कळलं की कॉलर कधीची गायब आहे. तुम्ही पण आधी हा ठसा आहे का बघा.

दुसरी गोष्ट, गाडी कधी उजव्या अंगावर पडली असेल तर फेअरिंग ज्यावर बसते तो लोखंडी स्टे, म्हणजे आधार, वाकलेला असू शकतो. पॅनल नुसतं जागेवर धरा, सगळी भोकं न ओढता समोरासमोर आली पाहिजेत. एखादं भोक गाठायला पॅनल दाबावं लागत असेल तर आधी स्टे सरळ करून घ्या, कारण दाबून बसवलेलं प्लॅस्टिक गाडी उभी असतानासुद्धा ताणातच असतं.

आता जोडायचं कसं. तुमच्या पॅनलवर ए-बी-एस अशी अक्षरं असली (रंगवलेली पॅनलं बहुतेक वेळा त्याचीच असतात) तर काम घरी होण्यासारखं आहे. पॅनल गाडीवरून काढूनच घ्या, पेट्रोलच्या टाकीशेजारी असिटोन किंवा गरम सोल्डरिंग आयर्न काहीही नको. भांडी घासायच्या साबणाने आतून-बाहेरून धुवा, पॉलिशचा आणि चेन स्प्रेचा तेलकटपणा राहिला तर काहीच धरत नाही. तडा जिथे खरंच संपतो, म्हणजे ती पांढरी रेघ जिथे संपते, त्याच्या किंचित पुढे 2 मिमीचं भोक पाडा. हे भोक लोकांना उलटंच वाटतं, फुटलेल्याला अजून भोक कशाला, पण तड्याचं टोक सुईसारखं टोकदार असतं आणि सगळा ताण त्या टोकावर एकवटतो, गोल भोकात तो चहूबाजूंनी विभागला जातो आणि तडा तिथेच थांबतो. मग बाहेरच्या बाजूने मास्किंग टेप लावून दोन्ही कडा अगदी सपाटीत आणा आणि आतून तड्याच्या रेषेवर इंग्रजी व्हीसारखी खाच करा, जाडीच्या अर्ध्याहून थोडी जास्त खोल.

भरायला जे लागतं ते बाजारातून तयार आणण्यापेक्षा बनवा. त्याच प्लॅस्टिकचे बारीक तुकडे (कुठल्याही गॅरेजच्या कोपऱ्यात तुटकी पॅनलं पडलेली असतात, मागा, देतात, फक्त अक्षरं बघून घ्या) काचेच्या बाटलीत टाका, तुकडे भिजतील इतकंच असिटोन घाला, झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी मधासारखं दाट झालेलं असतं. असिटोन केमिकलच्या दुकानात मिळतं, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला अशी दुकानं आहेत. नेलपॉलिश रिमूव्हर त्याच्या जागी चालत नाही, त्यात बरेचदा पाणी आणि तेल मिसळलेलं असतं. आणि एक कळकळीने सांगतो, असिटोन 56 अंशाला उकळतं आणि त्याची वाफ उणे वीस अंशालासुद्धा पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या हवेत ते कायमच पेटायच्या तयारीत असतं. चाळीतल्या एका खोलीत गॅस चालू असताना हे काम करायचं नाही म्हणजे नाही. गॅलरीत करा, गच्चीवर करा, देवघरातला दिवासुद्धा विझलेला असू द्या.

हे मिश्रण खाचेत एकदम भरू नका, पातळ थर द्या, चार-पाच तास थांबा, पुन्हा थर. एकदम भरलं की वरून सुकतं आणि आत असिटोन अडकून राहतं, मग गाडी उन्हात लावली की फोड येतात. शेवटच्या थरानंतर किमान दोन दिवस हात लावायचा नाही. बोल्टच्या भोकाजवळ मात्र नुसतं एवढं पुरत नाही, तिथे आतून स्टीलची जाळी बसवा. चहाच्या जुन्या स्टीलच्या गाळणीची जाळी कापून घ्या, तड्यावर आडवी ठेवा आणि सोल्डरिंग आयर्नने हळूहळू दाबत प्लॅस्टिकमधे बुडवा, वरून एबीएसचीच पट्टी वितळवून झाका. थ्रीडी प्रिंटरची एबीएसची तार मिळाली तर ती यासाठी उत्तम, फक्त पीएलएची घेऊ नका, ती वेगळ्या प्लॅस्टिकची. प्लॅस्टिक मेणासारखं चमकत सरकलं पाहिजे. धूर निघायला लागला की ते जळतंय, जळलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि तो धूर छातीत घेण्यासारखा नसतो.

हे सगळं सुकल्यावर नवीन रबर बुश आणि कॉलर. मूळ नाही मिळाले तर नागदेवी स्ट्रीटला बोल्ट-वॉशर-बुशची दुकानं ओळीने आहेत, डाव्या बाजूचा चांगला असलेला बुश काढून नमुना म्हणून सोबत न्या. कॉलर रबरापेक्षा अगदी थोडी लांब हवी, नाहीतर बोल्ट पुन्हा प्लॅस्टिकलाच दाबणार. बसवताना सगळे बोल्ट आधी दोन-दोन आटे धरून सैल ठेवा, पॅनल आपसूक बसू द्या, मग एकेक आवळा.

पार्टचं म्हणाल तर पहिली करिझ्मा 2003 ची, 223 सीसीची. 2010 ला हिरो आणि होंडा वेगळे झाले तेव्हा ती हिरोकडेच राहिली, त्यामुळे विचारायचं ते हिरोच्याच स्पेअर काउंटरवर, आणि नावाने न विचारता पार्ट कॅटलॉगमधला नंबर काढून विचारा, नावाने विचारलं की कॉम्प्युटरवर भलतंच उघडतं. 2009 ला आलेल्या करिझ्मा झेडएमआरची पूर्ण फेअरिंग वेगळी आहे आणि 2023 ची नवी एक्सएमआर तर 210 सीसीची वेगळीच गाडी, तिचं काहीही तुमच्या गाडीला बसणार नाही. दुकानदार बसेल म्हणाला तरी घेऊ नका. वडिलांची गाडी आहे, पॅनल मूळचं आहे, जोडण्यासारखं आहे, मी तरी तेच जोडीन.

मागच्या चाकावरचं काळं मडगार्ड उभं चिरलंय. दोन गोळे मळून लावायचं ते सील लावलं, पापडासारखं सुटून आलं. सुपरग्लू लावला, तोही सुटला. नक्की काय लावायचं? — एक वाचक, विरार

काहीच लावायचं नाही, कारण त्याला काही चिकटतच नाही. न रंगवलेलं, किंचित मेणचट लागणारं काळं मडगार्ड बहुतेक पीपी असतं. खात्री करायची असेल तर कडेचा नखाएवढा तुकडा कापा, माती-तेल पुसा, आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बोटाने पूर्ण बुडवून सोडा. वर आला तर पीपी, तळाशी बसला तर एबीएस. पीपी पाण्यापेक्षा हलकं, एबीएस जरा जड, एवढंच त्याचं गणित. साबण यासाठी की नाहीतर तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि बुडणारापण तरंगतो.

पीपीला उपाय एकच, वितळवून जोडणं, आणि तेसुद्धा पीपीच्याच पट्टीने. रंगाची रिकामी प्लॅस्टिकची बादली उलटी करून बघा, त्रिकोणात 5 आणि खाली पीपी असं असेल तर तिची पट्टी कापून चालते. आधी चिरेच्या दोन्ही बाजू ब्लेडने खरवडून आतलं ताजं प्लॅस्टिक वर काढा, उन्हाने मेलेली वरची साल राहिली तर जोड धरत नाही. पण खरं सांगू, मागचं मडगार्ड सारखं हलतं, त्यावर नंबरप्लेटचं वजन असतं, आणि स्टेशनबाहेरच्या पार्किंगमधे गाड्या सरकवताना हमखास मागूनच धरतात. उभी चीर असेल तर मी बदलायलाच सांगेन, जुन्या गाड्यांचीही मागची मडगार्ड बरीच मिळतात.

बदलताना एक लक्षात ठेवा. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बंधनकारक आहे आणि ती ज्या लॉकने बसवतात ते लॉक काढलं की तुटतं, परत वापरता येत नाही. तुम्ही ती प्लेट लावून घेतली असेल तर मेकॅनिकला ड्रिल मारून काढू देऊ नका, आधी फिटमेंट सेंटरला विचारा. आणि अजून लावली नसेल तर आधी मडगार्ड बदला, मग प्लेट.

मिस्टरांच्या स्प्लेंडरच्या साइड पॅनलचं आतलं लॉक तुटलंय, सुतळीने बांधून चालवतायत. दुरुस्त होईल का? — एक वाचक, लालबाग

होईल, पण ताई, करू नका. या गाडीचं साइड पॅनल कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतं, आणि ती लॉकची खुट्टी एवढीशी असते की जोडली तरी दर वेळी काढता-घालताना तिच्यावरच जोर येणार. नवीन पॅनल घ्या आणि ते घेताना ज्या रबरात खुट्टी घुसते ती फ्रेमवरची रबरंपण बदला. जुनी रबरं दगडासारखी झालेली असतात, त्यांच्यामुळेच तुटली ती. बसवताना रबराला साबणाचं पाणी लावायचं, तेल किंवा ग्रीस नाही. आणि सुतळी आजच सोडायला सांगा, चालत्या गाडीतून पॅनल सुटून मागच्याच्या अंगावर जाऊ शकतं.

पॅनल छान जोडून झालं, मागच्या जुलैत रंगवून घेतलं पण रंगावर दुधासारखी पांढरट झाक आली. पेंटर म्हणतो रंग खराब होता, दुकानदार म्हणतो पेंटर खराब. शिवाय लाल रंग टाकीशी जुळतच नाही. — एक वाचक, मुलुंड

बहुतेक दोघांचीही चूक नाही, जुलैची आहे. रंगातलं थिनर भरभर उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की त्या गार पृष्ठभागावर बाष्प बसतं आणि ते ओल्या रंगात अडकतं. तीच ती पांढरट झाक. फार खोल नसेल तर कोरड्या दिवशी वरून हळू उडणाऱ्या थिनरचा हलका हात मारला की कधीकधी जाते, नाहीतर घासून परत रंगवावं लागतं. परत रंगवायचं तर सरळ ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत थांबा. तोपर्यंत गाडी नुसत्या प्रायमरवर फिरवू नका, प्रायमर पाणी पितो, त्यापेक्षा आत्ताचा पांढरट रंग आहे तसा राहू दे.

रंग जुळत नाही त्याचं कारण वेगळं. पेंटरने कंपनीच्या कोडप्रमाणे रंग बनवला असेल तर तो नव्या गाडीचा लाल आहे, तुमच्या टाकीने इतकी वर्षं ऊन खाल्लंय, आणि लाल रंग उन्हात लवकर उतरतो. आधी टाकीला रबिंग कंपाउंड मारून तिचा खरा रंग वर आणा, मग त्या टाकीसमोर मॅच करून घ्या. आणि एकच पॅनल न रंगवता दोन्ही बाजूंची रंगवा, जुळवायचं मात्र टाकीशीच, डावं-उजवं एकदम कोणाला दिसत नाही पण पॅनल आणि टाकी शेजारी-शेजारी असतात तिथे डोळा लगेच अडकतो. रंग मात्र लालच ठेवा, आरसी बुकात जो रंग लिहिलाय तो बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते.

घासायचं काम तुम्ही स्वतः करू शकता, जोडावर 180 नंबरचा पॉलिश पेपर, मग 320, प्रायमरनंतर 600 पाणी लावून. पण हार्डनर मिसळून मारतात तो शेवटचा क्लिअर कोट घरी मारू नका. त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचा दमा लावू शकतं आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. ज्याच्याकडे बूथ आणि चांगला मास्क आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

पारदर्शक व्हायझर पेट्रोलने पुसला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा आल्या. पॉलिशने जातील? — एक वाचक, चेंबूर

नाही जाणार. रेघा वर नाहीयेत, आत गेल्यात. असे व्हायझर ॲक्रिलिकचे किंवा पॉलिकार्बोनेटचे असतात आणि पेट्रोल, थिनर, असिटोन यातलं काहीही लागलं की ते आतून बारीक-बारीक चिरतात. आता बदला, समोरून दिव्याचा उजेड पडला की त्या रेघा चमकतात आणि रात्री रस्ता दिसत नाही. पुढचा फक्त साबणाच्या पाण्याने आणि मऊ कपड्याने धुवा.

बाजारात माझ्या जुन्या बाइकची फेअरिंग नवीन, कॉपी, मिळतेय आणि कुर्ल्याला ओरिजिनल पण वापरलेली. कुठली घेऊ? — एक वाचक, सायन

वापरलेली ओरिजिनल, दहापैकी आठ वेळा. कॉपी जर खरोखरच्या फायबरची, म्हणजे काचेच्या कापडाची असेल तर तिला भोकं बरेचदा नसतातच किंवा इकडे-तिकडे असतात, ती तुम्हाला पाडून घ्यावी लागतात. ओळखायची तर उलटी करा, आतून खरखरीत आणि कापडाची वीण दिसते. ती वाईट असते असं नाही, ट्रॅकवर पडझडीसाठी लोक मुद्दाम वापरतात, पण रोज लोकलच्या स्टेशनपर्यंत जायच्या गाडीला तो खटाटोप नको. पातळ प्लॅस्टिकची कॉपी असेल तर दोन्ही हातात धरून हलवा, कागदासारखी लपलपली तर ठेवून द्या.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला वापरलेली घ्यायला जाल तेव्हा तुमचं फुटकं पॅनल पिशवीत घालून घेऊनच जा, फोटो दाखवून पार्ट घ्यायचा नाही. दोन्ही पॅनल एकमेकांवर ठेवा आणि प्रत्येक भोक, प्रत्येक खुट्टी जुळवा. मग आतली बाजू उजेडाकडे करून बघा, कुठे वेगळ्या रंगाचं प्लॅस्टिक, ताजा काळा स्प्रे किंवा जाळी दिसली तर ते आधी फुटून जोडलेलं आहे. बाहेरचे ओरखडे असू देत, रंगात जातात, आतले कान, म्हणजे बोल्ट बसतात ती टोकं, शाबूत हवेत. आणि बिल मागा, नुसत्या कागदावर दुकानाचा शिक्का आणि तारीख असली तरी चालेल. चोरीच्या गाडीचा पार्ट निघाला तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी पाहिजे. बिल द्यायला जो तयारच नसेल त्याच्याकडून घेऊ नका, तिथून चार दुकानं पुढे जा. आणि घरी आल्यावर तुमचं फुटकं पॅनल भंगारात देऊ नका, अक्षरं ए-बी-एस असतील तर उद्या जोडायला लागणारं प्लॅस्टिक त्याच रंगाचं आणि त्याच जातीचं तुमच्याकडेच आहे.